दोन पट

मराठी शाळेत ‘पट’ या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. एक पट विद्यार्थ्यांच्या नोंदीचा, दुसरा बुद्धिबळाचा. या दुसऱ्या पटावर मुलींनी स्थान कसे मिळविले, हे हीरक महोत्सवाच्या निमित्ताने स्मरणे उचित ठरेल.

आपल्याकडील जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. डाव संथ चाले. वेळेचे बंधन नसे. पुढे आंतरराष्ट्रीय नियम रुजले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापून या खेळाला घर दिले.

राष्ट्रीय महिला स्पर्धा मात्र १९७४ साली प्रथम भरली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे हे विजेतेपद मिळविले. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा वाद उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांपासून रोखता येणार नाही, असा निर्णय दिला. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या.

२८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पी यांना नमवून महिला विश्वचषक जिंकला व त्या भारताच्या ८८व्या ग्रँडमास्टर ठरल्या. नागपूर आपल्या भिलाईच्याच लोहमार्गावर आहे. म्हणून ही वार्ता स्मृति नगरातील मुलींना परकी वाटली नाही.

या खेळाची एक रीत शिक्षिकेला विशेष भावते. डाव संपताच दोघे प्रतिस्पर्धी लिहून ठेवलेल्या चाली पुन्हा मांडतात. ‘इथे उंट का हलविलास?’ असे जिंकणारी विचारते आणि हरलेली न संकोचता उत्तर देते. चूक लपवायची नसते, समजून घ्यायची असते. मैत्रिणीइतकी उत्तम परीक्षक दुसरी नाही.

तथापि इयत्ता वाढते तशा घरच्या जबाबदाऱ्या आणि अभ्यासाची धास्ती यांमुळे मुली प्रथम खेळच सोडतात. मुलांना मैदान मिळते, मुलींना ‘आता पुरे’ हे शब्द. पालकांना म्हणूनच विनंती आहे : शाळेच्या पटावर मुलीचे नाव घातलेत, तसा बुद्धिबळाचा पटही तिच्यापुढे मांडलेला राहू द्या.