‘पूर आला’ आणि ‘पाणी सोडले’ : वैतरणेच्या सांडव्यांचा इतिहास

वैतरणेच्या खालच्या अंगाला, मनोरपासून समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात, पावसाळ्यात नदी चढली म्हणजे दोन वाक्ये ऐकू येतात. एक, ‘पूर आला’. दुसरे, ‘पाणी सोडले’. पाणी तेच, काठही तोच. परंतु या दोन वाक्यांमध्ये नदीच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचा एक मोठा भाग सामावलेला आहे. भाषेच्या अभ्यासकाने जलशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु पूर कोणामुळे आला, या प्रश्नावरील बहुतेक वाद मुळात क्रियापदांचे वाद असतात, आणि तेवढ्यापुरता हा विषय आपलाही आहे.

‘पूर येणे’ हे अकर्मक आहे. पाऊस येतो, थंडी येते, साथ येते, तसा पूर येतो. त्याला कर्ता विचारण्याची सोय व्याकरणातच नाही. ‘पाणी सोडणे’ हे सकर्मक. तेथे कर्ता उच्चारला नाही तरी तो गृहीत असतो. ‘सुटणे–सोडणे’, ‘फुटणे–फोडणे’, ‘तुटणे–तोडणे’ अशा जोड्यांनी मराठीने हा भेद काटेकोरपणे राखलेला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत ‘फुटले’ असेच पुणेकर आजही म्हणतात. ते कोणी ‘फोडले’ असे म्हणत नाहीत, जरी त्या दुर्घटनेची जबाबदारी कोणाची याची चर्चा पुढे दीर्घकाळ चालली. ‘सांडणे’ हे क्रियापद मात्र या शिस्तीबाहेरचे आहे. ‘पाणी सांडले’ या वाक्यात पाणी आपोआप सांडले की कोणी सांडले, हे संदर्भावाचून कळत नाही. जुन्या मराठीत ‘सांडणे’ म्हणजे टाकणे, त्यागणे. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला हा अर्थ परिचित आहे. आजच्या बोलीत हा जाणूनबुजून केलेल्या त्यागाचा अर्थ मागे पडून अनवधानाचा अर्थ पुढे आला. धरणाच्या ज्या भागातून जादा पाणी बाहेर पडते त्याला ‘सांडवा’ हे नाव याच धातूवरून मिळाले, आणि धातूची ही संदिग्धता त्या वास्तूतही उतरलेली आहे. विनादरवाजाच्या सांडव्यावरून पाणी आपले आपण ओसंडते. दरवाजाच्या सांडव्यातून ते सोडावे लागते.

आता भूगोल थोडा ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्यावाचून जव्हार व मोखाडा यांचा या कथेतील वाटा समजणार नाही. हे दोन्ही तालुके उंच पठारी आहेत. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मोखाड्याच्या अंगाने पश्चिमेस उतरते. पिंजाळ ही तिची उपनदी याच पठारावरील पाणी घेऊन वाडा तालुक्यात तिला मिळते. सूर्या नदी आणखी पश्चिमेकडून येऊन मनोरच्या खाली तिच्यात शिरते. वाघ नदी मात्र दमणगंगेकडे वळते. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत. नद्या खोल दऱ्यांतून वाहत असल्याने पठारावरील पाड्यांत धरणाचे सोडलेले पाणी सहसा शिरत नाही. तेथील हाल निराळे आहेत : ओहोळावरील फरशी बुडते, पाडा तुटतो, आजारी माणसाला डोलीतून न्यावे लागते. पुराचे पाणी घरात येते ते खाली, जेथे दऱ्या संपून नदी पसरते. पाणी वरचे व पूर खालचा, अशी ही विभागणी आहे. पठाराच्या वाट्याला तिसरीच गोष्ट आली : धरणे उशाशी असतानाही उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तोपर्यंत या नद्यांवर कोणाचा हात नव्हता. मुंबई शहराची तहान मात्र त्याआधीच या खोऱ्यात येऊन पोहोचली होती. वैतरणेच्या तानसा या उपनदीवरील धरण १८९२ चे. खुद्द वैतरणेवरील पहिले मोठे धरण १९५७ चे; महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने ते मोडकसागर म्हणून ओळखले जाते. १९७३ च्या सुमारास इगतपुरी तालुक्यात ऊर्ध्व वैतरणा उभे राहिले. या दोहोंच्या मधल्या टप्प्यात, मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे, सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१२ पर्यंत बांधून झाले आणि २०१४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. एकाच नदीवर एकाखाली एक अशी तीन धरणे. वरच्याचा सांडवा म्हणजे खालच्याची आवक.

ही साखळी कशी चालते याचे एक ताजे उदाहरण घेऊ. ७ जुलै २०२५ रोजी मध्य वैतरणा सुमारे ९० टक्के भरल्यावर त्याचे तीन दरवाजे ३० सेंटीमीटरने उघडण्यात आले व ३,००० क्युसेक पाणी खाली सोडण्यात आले. ९ जुलैच्या सकाळी मोडकसागर भरून वाहू लागला. पहिल्या घटनेमुळे दुसरी घडली असे चटकन वाटते. पण हिशेब करून पाहावा. ३,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ८५ घनमीटर, म्हणजेच चोवीस तासांत सुमारे ७,३४० दशलक्ष लीटर. मध्य वैतरणेतून मुंबईला रोज मिळणाऱ्या ४५५ दशलक्ष लीटरच्या तुलनेत हे सोळापट आहे; परंतु १,२८,९२५ दशलक्ष लीटर क्षमतेचा मोडकसागर रिकामा असता, तर एवढ्या विसर्गाने तो भरण्यास साडेसतरा दिवस लागले असते. तो दोन दिवसांत ओसंडला, याचा अर्थ तो आधीच काठोकाठ आला होता आणि त्याच्या स्वतःच्या पाणलोटातही पाऊस पडत होता. दरवाजा हे पुराचे एकमेव कारण नसून शेवटचे कारण आहे, आणि डोळ्यांना दिसते ते शेवटचेच.

मग दरवाजा उघडल्याने खालच्या वस्तीचे नक्की काय बदलते? धरण पाणी निर्माण करीत नाही. जलाशय भरलेला असेल तर जेवढे आत येते तेवढे बाहेर द्यावेच लागते, आणि तेवढेच दिले तर नदीला धरणाविना जो पूर आला असता त्याहून मोठा पूर येत नाही. हे अभियंत्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु ते पुराच्या आकाराविषयी खरे आहे, वेळेविषयी नव्हे. जून-जुलैतले पहिले लहान पूर रिकामा जलाशय गिळून टाकतो. पूर्वी हेच लहान पूर काठच्या माणसाला सावध करीत : नदी जागी झाली, आता पात्रातील होडी वर घ्यावी, जनावरे पलीकडे नेऊ नयेत. आता तो इशारा मिळत नाही. नदी कित्येक आठवडे निजलेली दिसते आणि मग जलाशय भरल्यावर थेट मोठ्या पाण्यानेच उठते. शिवाय दरवाजे भराभर उघडले तर पाण्याची चढण उभी होते. जी पातळी चढायला पूर्वी प्रहर लागे ती थोड्या वेळात गाठली जाते. घरापर्यंत येणारे पाणी किती यापेक्षा ते किती वेळात येते, यावर माणूस, गुरे आणि कणगीतले धान्य वाचणे अवलंबून असते.

आधीच थोडे थोडे सोडून जलाशयात पुरासाठी जागा राखावी, हा उपाय सांगण्यास सोपा आहे. पण ही धरणे पूरनियंत्रणासाठी बांधलेलीच नाहीत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत १ ऑक्टोबर रोजी १४,४७,३६३ दशलक्ष लीटर साठा असला म्हणजे शहराचे वर्ष निभते. जुलैत सोडलेले पाणी ऑगस्टने भरून दिले नाही तर उन्हाळ्यात कपात ठरलेली. जबाबदार अधिकाऱ्याचा कल धरण भरून घेण्याकडे राहणार, हे त्याच्या नेमणुकीतच अभिप्रेत आहे. म्हणूनच ‘मोडकसागर ओसंडून वाहू लागला’ ही बातमी शहरात पेढे वाटावे अशा स्वरात छापली जाते. तेच वाक्य नदीकाठी वाचले जाते तेव्हा त्याचा अर्थ इशारा होतो. एका वाक्याचे दोन समाजांत दोन अर्थ होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण अर्थविचाराच्या पाठ्यपुस्तकातही मिळणे कठीण.

सूर्या नदीवरचे धामणी धरण आज विक्रमगड तालुक्यात आहे; १९९९ मध्ये तो तालुका होण्यापूर्वी हा मुलूख जव्हारचा. धामणीच्या सांडव्याला पाच दरवाजे आहेत, आणि त्याखाली कवडासचा उन्नैयी बंधारा. पावसाळ्यातील सूचनेत दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी येतात, आणि कवडासचा आकडा पुष्कळदा धामणीपेक्षा मोठा असतो. दोहोंमधल्या डोंगरांचे मोकळे पाणी त्यात मिसळलेले असते. म्हणजे मासवणच्या काठी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाला लागणाऱ्या पाण्यात काही ‘सोडलेले’ आणि काही ‘आलेले’ असते. ते वेगळे काढता येत नाही. ‘पाणी सोडले’ हे वाक्य सर्वस्वी न्याय्य नाही ते यासाठी. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात तर लोकांची तक्रार उलटी होती : अलमट्टीने पाणी ‘सोडले नाही’. वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही, तरी ते वाक्य कृष्णाकाठी टिकून राहिले. दरवाजा एकदा दृष्टीस पडला की त्याच्या मिटलेपणालाही कर्ता मिळतो.

मुखाकडील भागात आणखी एक सत्ता चालते. मनोरच्या आसपासपर्यंत वैतरणेत भरतीचे पाणी चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वरून येणारे पाणी अडते आणि मागे फुगते. रेल्वेच्या दोन पुलांमध्ये, खाडीच्या वेढ्यात वसलेल्या वाढीवसारख्या गावाला धरणाच्या विसर्गाइतकीच तिथीही महत्त्वाची आहे. तेथील कोळी व शेतकरी तिथी तोंडपाठ जाणतात. सूचनेत मात्र क्युसेक असतात, तिथी नसते.

या सूचनांच्या भाषेकडे शेवटी वळतो. ‘विसर्ग करण्यात येत आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’ ‘विसर्ग’ हा शब्द ‘वि’ उपसर्गपूर्वक ‘सृज्’ धातूचा, अर्थ सोडणे हाच. पण नाम केल्याबरोबर कर्ता गळाला, आणि ‘करण्यात येत आहे’ या सरकारी प्रयोगाने उरलेसुरले पुसून टाकले. (व्याकरणात विसर्ग म्हणजे दोन टिंबे व एक निःश्वास; पाटबंधाऱ्यातही त्याचे रूप फारसे निराळे नाही.) क्युसेक हे प्रवाहाचे माप आहे, पातळीचे नव्हे. काठचा माणूस नदी मोजतो ती देवळाच्या पायरीने, खडकाने, फरशीने. तीन हजार क्युसेक म्हणजे कोणती फरशी किती वाजता बुडणार, हे रूपांतर करण्यासाठी लागणारी सामग्री वरच्या कार्यालयांत असते : पात्राचे छेद, अंतरे, प्रवाहाचा वेग. पंचवीस वर्षांतून एकदाच्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल रेषा आखण्यास हेच गणित वापरतात. नकाशावर रेषा काढता येते, तर कोतवालाच्या दवंडीत पायरीचे नाव का येऊ नये? आणि ऐकणाऱ्यांत वारली, कोकणा व कातकरी बोली घरात बोलणारी माणसे बरीच आहेत, ज्यांना ‘सतर्क’ हा शब्द शाळेतच भेटला असेल तर असेल.

वैतरणेच्या ज्या उपनद्या आजही मोठ्या धरणावाचून येतात त्यांत पिंजाळ व गारगाई प्रमुख आहेत. गारगाईवर वाडा तालुक्यातील ओगदे येथे आणि पिंजाळेवर जव्हार तालुक्यातील खिडसे येथे धरणांचे प्रस्ताव मुंबईसाठी कित्येक वर्षे पुढे ठेवले गेले आहेत. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पात वाघ नदीवरील खारगीहिल येथील धरणही धरलेले आहे. पिंजाळेचे पाणी चढले म्हणजे वाड्याच्या खालच्या गावांत अजून ‘पूर आला’ असेच म्हणतात. खिडशाला दरवाजे बसले तर हे वाक्य तेथेही बदलेल, आणि त्या दिवशी सूचना कोणत्या शब्दांत निघणार हे धरणाच्या आराखड्याबरोबरच ठरवता येण्यासारखे आहे.