चूक लहान असतानाच

वार्षिक निकालाचे काम शिक्षकांना नवे नाही. प्रत्येक विषयाचे गुण वेगवेगळे तपासलेले असतात. एका तक्त्यात आणले की मात्र बेरीज जमत नाही. चूक शोधण्यात रात्र जाते.

संगणकाच्या मोठ्या आज्ञावलीचेही असेच होते. आम्ही चौघांनी एका प्रयोगासाठी आज्ञावली लिहिली आणि तिचे भाग तीन महिन्यांनी जोडले. एकाने तापमान सेल्सियसमध्ये धरले होते, दुसऱ्याने केल्विनमध्ये. दोन्ही भाग आपापल्या जागी निर्दोष! घोळ कळायला दोन आठवडे लागले.

यावर उपाय म्हणजे भाग सतत जोडत राहणे. ग्रेडी बूच यांनी 'सतत जोडणी' या अर्थाची संज्ञा वापरली. केंट बेक यांच्या १९९९ च्या पुस्तकात दिवसातून अनेकदा जोडणी करण्याचा आग्रह आहे. आज्ञावली सकाळी चालत होती आणि दुपारी बंद पडली, तर दोष बहुधा मधल्या बदलांतच असणार.

पण दर वेळी जोडून चाचण्या घेणे माणसाला कंटाळवाणे वाटते. २००१ मध्ये आलेल्या 'क्रूझकंट्रोल'ने हे काम यंत्राकडे सोपवले. त्याच्या सूचना मात्र एका किचकट फायलीत हाताने लिहाव्या लागत. सन मायक्रोसिस्टिम्समधील कोहसुके कावागुची यांच्या बदलांमुळे जोडणी मोडे आणि सहकारी चिडत. त्यातून त्यांनी 'हडसन' रचले. ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी पडद्यावरच करता येई. सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये 'जेनकिन्स' हे नाव आले. त्याच वर्षीच्या 'ट्रॅव्हिस'ने स्वतःच्या यंत्राची गरजच ठेवली नाही. सूचनांची फाईल आज्ञावलीसोबतच राहू लागली.

मग कोणते साधन निवडावे? जेनकिन्समध्ये यंत्र आपल्या ताब्यात राहते, पण देखभालही आपल्याच गळ्यात पडते. ट्रॅव्हिससारख्या सेवेत ही कटकट नाही. मात्र काम दुसऱ्याच्या यंत्रावर चालते.

एक गोष्ट कोणतेच साधन आपणहून करत नाही. तापमानाच्या एककाची चाचणी कोणी लिहिलीच नसती, तर आमची चूक असूनही यंत्राने 'सर्व ठीक' असेच सांगितले असते. शिवाय जोडणी मोडणाऱ्यावर सगळे तुटून पडले, तर तो आपला भाग दडवून ठेवतो, पुढे ढकलतो. चुकीबद्दल रागावले की मुले वही झाकतात, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे?