शालेय रिट्रीट : विद्यार्थ्याच्या अंतर्मनाची जडणघडण

दैनंदिन व्यवहारापासून काही काळ दूर राहून मौन, मनन, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण यांत घालविलेला साधनाकाल म्हणजे रिट्रीट. कॅथोलिक शाळांमध्ये ती साधारणतः एक ते तीन दिवसांची असते. शास्त्रवाचन, प्रवचन, गटचर्चा, पापनिवेदन आणि पवित्र मिस्सा ही तिची प्रमुख अंगे होत. एवढ्या अल्प काळात विद्यार्थ्याच्या जीवनात खरोखर काय घडू शकते, हा प्रश्न पालक व शिक्षक नेहमी विचारतात.

साधनेचा उगम

आज प्रचलित असलेल्या अनेक रिट्रीटांचा पाया संत इग्नाशियस लोयोला यांनी घातला. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत ते जखमी झाले. पुढील वर्षी मानरेसा येथे केलेल्या कठोर साधनेतील अनुभवांतून त्यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला. पोप पॉल तिसरे यांनी ३१ जुलै १५४८ रोजी त्यास मान्यता दिली. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची असली तरी साधकाचे वय, शिक्षण व कुवत पाहून तिचे स्वरूप बदलावे, अशी सूचना ग्रंथाच्या आरंभीच आहे. शाळेतील लहान रिट्रीटला आधार मिळतो तो याच सूचनेचा.

एका विद्यार्थ्याचा दाखला

सव्हॉय प्रांतातील मेंढपाळ कुटुंबात १५०६ साली जन्मलेले संत पीटर फेबर १५२५ मध्ये शिक्षणासाठी पॅरिसला गेले. सेंट बार्ब महाविद्यालयात फ्रान्सिस झेवियर त्यांचे खोलीसोबती होते. १५२९ मध्ये इग्नाशियस त्याच खोलीत राहावयास आले. अभ्यासात हुशार असलेले फेबर मनाने मात्र व्याकूळ होते. जेथे पाप नाही तेथेही त्यांना पाप दिसे. वैद्य व्हावे, वकील व्हावे, शिक्षक व्हावे की मठवासी, याचाही निर्णय होत नव्हता.

इग्नाशियस यांनी त्यांना लगेच साधनेस बसविले नाही. दररोज आत्मपरीक्षण, दर आठवड्यास पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद अशी सवय त्यांनी प्रथम लावली. या पूर्वतयारीत सुमारे चार वर्षे गेली. १५३४ च्या आरंभी, कडाक्याच्या थंडीत, फेबर यांनी तीस दिवसांची साधना पूर्ण केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात सोबत्यांनी व्रत घेतले, तेव्हा मिस्सा अर्पण करणारे त्यांच्यातील एकमेव धर्मगुरू तेच होते. झेवियर यांनी त्यानंतर ही साधना केली. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. फेबर पुढे इतरांना साधना देण्यात अत्यंत निष्णात मानले गेले. पोप फ्रान्सिस यांनी १७ डिसेंबर २०१३ रोजी त्यांना संत म्हणून घोषित केले.

वाढ कशात आहे?

फेबर यांचा हळवा स्वभाव साधनेने नाहीसा झाला नाही. मनात उठणाऱ्या विचारांपैकी कोणता शांतीकडे नेतो आणि कोणता भयाकडे, हे ओळखण्याची दृष्टी त्यांना लाभली. परीक्षेचे दडपण, मित्रांशी होणारी तुलना, आईवडिलांच्या अपेक्षा यांनी गांजलेल्या आजच्या विद्यार्थ्यालाही याच दृष्टीची गरज आहे.

मार्गदर्शकाने साधकास कोणत्याही एका बाजूस झुकवू नये, तसेच उत्साहाच्या भरात घाईने व्रत घेण्यापासून त्यास सावध करावे, असे इग्नाशियस यांनी स्पष्ट बजाविले आहे. म्हणून शेवटच्या रात्री मुलांच्या डोळ्यांत आलेले अश्रू हे रिट्रीटच्या यशाचे माप नव्हे. विद्यार्थी घरी परतल्यावर रोज रात्री पाच मिनिटे शांत बसतो काय, दुखावलेल्या भावंडाची क्षमा मागतो काय, आपली भीती विश्वासाच्या माणसाजवळ बोलून दाखवितो काय, हे पाहावे.

पालकांनीही मूल परतताच त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करू नये. त्याने आपणहून सांगितले तर ऐकावे. न सांगितल्यास त्याच्या मौनाचा मान राखावा. फेबर यांच्यासाठी त्यांचे मार्गदर्शक चार वर्षे थांबले होते.