कमी ऐकू येणे आणि स्मृतिभ्रंश

उतारवयात कमी ऐकू येणे ही आपल्याकडे फारशी दखल घेण्याजोगी बाब मानली जात नाही. चष्मा लगेच आणला जातो. श्रवणयंत्राचा विषय मात्र वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो. यंत्र लावले की चारचौघांत ‘बहिरा’ म्हणून ओळख होईल, हा संकोच त्यामागे असतो. या दिरंगाईची झळ मेंदूलाही बसत असावी, असे गेल्या काही वर्षांतील संशोधन सुचवते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. फ्रँक लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३९ व्यक्तींच्या दीर्घकालीन निरीक्षणाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. श्रवणशक्ती चांगली असलेल्यांच्या तुलनेत सौम्य श्रवणदोषात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम दोषात तिप्पट, तर तीव्र दोषात पाचपट आढळला. स्मृतिभ्रंशाची जी कारणे आटोक्यात आणता येतात, अशी १४ कारणे ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ च्या अहवालात नोंदविली. श्रवणदोष हे त्यांपैकी एक प्रमुख कारण आहे.

असे का घडते?

अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. वयोमानानुसार प्रथम उंच पट्टीतील ध्वनी हरवतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो. पण ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द उमगत नाही. हे तुटलेले शब्द जुळविण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते व स्मरणासाठी ती कमी उरते, असे संशोधक मानतात. पुन्हापुन्हा विचारण्याच्या संकोचापायी माणूस गप्पांतून अंग काढून घेतो. हा एकाकीपणाही मेंदूस घातकच.

यंत्राचा उपयोग किती?

श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ चाचणीत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींचा तीन वर्षे अभ्यास झाला. एकूण गटात लक्षणीय फरक दिसला नाही. मुळातच धोका अधिक असलेल्यांमध्ये मात्र श्रवणयंत्रासह उपचार मिळाल्यावर बौद्धिक ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी मंदावला.

तपासणी केव्हा?

प्रश्न नीट ऐकू न आल्याने दिलेले विसंगत उत्तर घरच्यांना विसराळूपणाचे लक्षण वाटते. म्हणून स्मरणशक्तीची शंका आल्यास कानांचीही तपासणी अवश्य करावी. काही वेळा कानात साठलेला मळ एवढेच कारण निघते. पन्नाशीनंतर ६४ व्या वर्षापर्यंत दर पाच वर्षांनी व पुढे दर एक ते तीन वर्षांनी श्रवणचाचणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत अशी चाचणी होते. अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना केंद्र सरकारच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्रे मोफत दिली जातात.

दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन पाळला जातो. ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रांनी त्या दिवशी तपासणी शिबिर भरविल्यास संकोचाने घरी बसणाऱ्यांनाही चाचणीची वाट सोपी होईल.