शालेय इंग्रजी साहाय्य (नागपूर)

घरी इंग्रजी नसलेल्या मुलांना ती द्वितीय भाषा म्हणून शिकता यावी, यासाठी शाळेत केलेली पूरक व्यवस्था. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे [पहा : बालभारती]. शिक्षक-प्रशिक्षणासाठीची राज्य आंग्लभाषा संस्था 1965 मध्ये स्थापन झाली. 2016 च्या सुमारास ‘तेजस’ प्रकल्पाने शिक्षकांचे स्थानिक कृतिगट उभारले.

नागपुरात महानगरपालिकेने आकांक्षा फाउंडेशनच्या साहाय्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवल्या आहेत. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील 25 टक्के राखीव जागांमुळे खाजगी इंग्रजी शाळांतही घरी इंग्रजी नसलेली मुले येतात; त्यांना मात्र बहुधा थेट मुख्य वर्गातच बसावे लागते. नागपूरच्या मुलाच्या कानावर वऱ्हाडी, हिंदी, ग्रामीण भागात गोंडीही असते. त्यामुळे द्वितीय भाषा म्हटलेली इंग्रजी प्रत्यक्षात त्याची तिसरी-चौथी भाषा ठरते. साहाय्यात ध्वनी-अक्षर मेळ, चित्रवाचन, कृतिगीते व जोडीतील संभाषण येते. उदा., ‘शिप’ व ‘शीप’ हे शब्द चित्रपट्ट्या दाखवून ऐकवतात. मूल आधी योग्य पट्टी उचलते, उच्चार नंतर करते. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांत त्या विषयांच्या परिभाषेसाठी हे साहाय्य सर्वाधिक निकडीचे असते [पहा : सेमी-इंग्रजी; मातृभाषेतून शिक्षण].