यशवंतांचा सल्ला आणि बेळगावचे दुकान

गुंजीसारख्या गावात शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाहेरगावचा यशस्वी पाहुणा येतो. रुबाबदार पोशाख, खणखणीत आवाज आणि शेवटी ठरलेला उपदेश : नोकरीच्या मागे लागू नका, धंदा करा, चिकाटी असली की यश येतेच. दाखला बहुधा लक्ष्मणराव किर्लोस्करांचा, कारण ते आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तो दाखला आज आपण सावकाश वाचू या.

लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत हे कळल्यावर चित्रकला सुटली, पण यांत्रिक रेखाटन हाती लागले. त्याच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षकाची जागा मिळाली. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान निघाले, तेव्हा लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा त्या इथे विकीत. म्हणजे ‘नोकरी सोडा’ या उपदेशाच्या दाखल्यात आरंभी एक पगार होता आणि विश्वासाचा भाऊ होता.

पुढे लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. याला आपण चिकाटी म्हणतो आणि ती होतीच. पण दोन वर्षे माल पडून राहिला तरी घरची चूल पेटती ठेवता आली, हेही तितकेच खरे. ज्यांची पुंजी सहाव्या महिन्यात संपली, त्यांची चिकाटी कमी होती असे कोण म्हणेल? त्यांना व्यासपीठावर कोणी बोलावत नाही, एवढेच.

मग नगरपालिकेने बेळगावातली जागा सोडायला लावली. त्या अडचणीत औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर माळरान जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली.

यात लक्ष्मणरावांचे कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही. राजाश्रय लाभलेले सगळेच कारखाने काढत नाहीत. पण यशाचे तेज चढले की पगार, भाऊ आणि राजा त्यात दिसेनासे होतात. उरतो फक्त स्वभाव. सांगणाराही खोटे बोलत नसतो. आपण काय केले ते त्याला आठवते. आपल्यासाठी कोणी काय केले, ते अंगवळणी पडलेले असते. ऐकणारा पोरगा मात्र घरची दोन एकर गहाण टाकतो आणि बुडाला की स्वतःलाच नालायक ठरवतो.

म्हणून पुढच्या पाहुण्याला टाळ्या जरूर द्या. पण ‘तुम्ही काय केलेत?’ याच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : तोटा किती दिवस सोसता आला, आणि तेव्हा पाठीशी कोण होते?