माणशी अर्धा एकर

बाहत्तरचा दुष्काळ म्हटला की आमच्या आजीला आधी मिलो ज्वारी आठवायची. तांबडी, परदेशातून आलेली. "थापायला घ्यावी तर भाकरीच्या चिरफाळ्या व्हायच्या," म्हणायची. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. ते काम रस्त्याचं होतं असं आत्या सांगते; आजीच्या बोलण्यात तलाव यायचा. दोन्हीकडे गेली असेल बिचारी.

तिचं माहेर पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेपठारावरचं. सह्याद्री पाऊस पश्चिमेलाच रिता करून घेतो; इकडे ढग येतात ते नुसते पुढे जायला. मुरमावर वीतभर माती. एखादा वळीव जोराचा झाला की तीही ओढ्यातून कऱ्हेत.

त्याच दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर आणि कारखानदार विलासराव साळुंखे या भागात हिंडले. ज्यांच्या शेतातली माती दर पावसाला वाहून जात होती, तीच माणसं उन्हात खडी फोडत बसलेली त्यांनी पाहिली. मग नायगावात त्यांनी देवस्थानची चाळीस एकर जमीन कराराने घेतली, तीही उघडा माळ. उतारावर ताली घातल्या, पायथ्याला पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर, आणि विहिरीचं पाणी उचलून पुन्हा वर. 1974 साली ग्रामगौरव प्रतिष्ठान उभं राहिलं, पुढे पाणी पंचायत. साळुंखे 2002 साली गेले. आजी त्यांना 'साळुंखेसायब' म्हणायची. तिने त्यांना पाहिलं होतं की नुसतं ऐकलं होतं, हे मी कधी धड विचारलंच नाही.

मला मोठं वाटतं ते त्यांनी लावलेलं पाणीवाटप. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी घालायचा. आणि ऊस लावायचा नाही. कालव्याकाठी वाढलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. घागरभर पाण्यासाठी बाया कुठवर जातात, हे त्या माळावर राहिल्यावरच कळतं.

उसाची ही बंदी आजीच्या माहेरी, बाबांच्या मामांना, काही केल्या पटेना. शेजारच्या बारामतीकडे उसाचे फड उभे, आणि आपण पाणी असून घेवडा न् बाजरी करायची? वर्षानुवर्षं ते कुरकुरले. त्यांच्या पानात मात्र हुलग्याचं माडगं आणि घेवड्याची आमटी, दोन्ही आवडीची.

आजी तो हिशेब बोटांवर करायची. माहेरची माणसं सात, म्हणजे साडेतीन एकर व्हायला हवी; पण मिळणार अडीचच. मामा चिडले की ती चुलीपुढून म्हणायची, "आरं, खालच्या आळीला बी पोरंबाळं हायती. त्यांच्यापात्तूर नको का पोचाया?"